माळ्याची मध्यस्थी

मननासाठी शास्त्रभाग : लूक १३:६–९



आपल्या प्रभूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. एका गृहस्थाच्या द्राक्षमळ्यात अंजिराचे एक झाड होते. तीन वर्षे तो फळाच्या आशेने येत राहिला आणि प्रत्येक वेळी रिकाम्या हातांनी परतला. शेवटी त्याने माळ्यास ते झाड काढून टाकण्यास फर्माविले. कारण ते चांगली जमीन विनाकारण अडवून बसले होते. माळ्याने एका वर्षाची मुदत मागितली. त्या वर्षात आपण कोणते श्रम करू ते त्याने सांगितले, आणि तेवढे करूनही फळ न आल्यास झाडावर कुऱ्हाड घालावी हेही त्याने कबूल केले. दाखला येथेच संपतो.

ह्या दाखल्यावरून देवाच्या सहनशीलतेविषयी व आपल्या पश्चात्तापाविषयी पुष्कळ उपदेश झाले आहेत, आणि ते यथार्थच आहेत. प्रभूने तो त्याच हेतूने सांगितला. परंतु आज आपण त्या माळ्याकडे आणि त्याच्या धंद्याकडे थोडे निरखून पाहू या. पापी मनुष्य व न्यायी देव ह्यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहते, हे समजाविण्यासाठी प्रभूने राजाच्या दरबारातला वकील घेतला नाही. झाडे राखणारा एक मजूर घेतला. धन्याची आज्ञा एका बाजूस, मुके झाड दुसऱ्या बाजूस, आणि मध्ये हातात हत्यार असलेला हा मनुष्य. जो कोणी आज कुऱ्हाड, कोयता किंवा करवत घेऊन झाडापाशी जातो, तो ह्याच जागी उभा असतो.

हे आताच सांगण्याचे कारण आहे. इंजिनावर चालणारी करवत आता खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. जे झाड तोडण्यास पूर्वी कित्येक माणसांचे कित्येक दिवस जात, ते आता एका दुपारात आडवे होते. रस्त्याकडेची, शाळेच्या आवारातील, वाड्यांतील व बांधांवरील झाडे छाटण्याची आणि तोडण्याची कामे घेऊन कितीएक कुटुंबे पोट भरतात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील तरुणही आहेत. हा धंदा प्रामाणिक आहे. परंतु प्रत्येक प्रामाणिक धंद्यास त्याचा स्वतःचा मोह असतो, आणि ह्या धंद्याचा मोह कोणता, हे व्यासपीठावरून फारसे सांगितले जात नाही.

आरंभी एक गैरसमज दूर करू. आपल्या आसपास वड, पिंपळ, औदुंबर ह्यांना पूज्य मानणारे शेजारी आहेत. आपण झाडाची पूजा करीत नाही. परंतु ह्यावरून कोणी असे अनुमान काढतात की, झाड देव नाही, तर ते केवळ जळण आहे. हे अनुमान खोटे आहे. देवराया राखणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडे जपली, हे आपण मोकळ्या मनाने कबूल केले पाहिजे. आपण निराळ्या कारणास्तव झाड जपतो. पण म्हणून त्यांच्याहून कमी जपण्याची सवलत आपणांस कोणी दिलेली नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पहिल्या मनुष्यास जे पहिले काम मिळाले, ते बाग कसण्याचे व जपण्याचेच होते. आणि अनुवादाच्या विसाव्या अध्यायात तर युद्धकाळचा नियम सांगितला आहे. सैन्याने नगरास वेढा घातला असता, तो वेढा कितीही दिवस चालला तरी, तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नये. त्यांची फळे खावी, पण ती तोडू नयेत. ज्या झाडांपासून अन्न मिळत नाही असे ठाऊक असेल, त्यांचाच उपयोग वेढ्याच्या कामी करावा. शत्रूच्या झाडासंबंधी हा नियम असेल, तर आपल्याच गावच्या झाडासंबंधी आपण किती जपून वागले पाहिजे!

आता माळ्याच्या उत्तरातील चार गोष्टी क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट : माळी घाई करीत नाही.

धन्याची तक्रार खरी होती. माळ्याने ती नाकारली नाही. पण ती ऐकताच त्याने कुऱ्हाडही उचलली नाही. आधी झाड पाहावे, मग हत्यारास हात लावावा, हा त्याचा रिवाज दिसतो. ह्या रिवाजास किती सबळ कारण आहे, हे गेल्या शतकात अधिक स्पष्ट झाले.

अमेरिकेच्या सरकारी वनखात्यात अ‍ॅलेक्स शिगो (१९३०–२००६) नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या अंतरंगातील जखमा तपासल्या, आणि १९७७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. मनुष्याच्या किंवा जनावराच्या अंगावरील जखम भरून येते, म्हणजे बिघडलेल्या मांसाच्या जागी नवे मांस येते. झाडाचे तसे नाही. झाडाची जखम कधीही त्या अर्थाने भरत नाही. झाड जखमेच्या भोवती भिंती घालते, कुजका भाग आत कोंडून टाकते, आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढविते. वरून साल जुळलेली दिसते. पण पन्नास वर्षांपूर्वी कोणी अविचाराने घातलेला घाव आत जसाच्या तसा असतो. म्हणून झाडावर केलेला प्रत्येक घाव कायमचा आहे, असे समजूनच तो करावा.

ह्यावरून छाटणीचे काही नियम निघतात. फांदी जेथे खोडास मिळते, तेथे सालीची एक फुगीर वळी असते. भिंती घालण्याची झाडाची शक्ती त्या वळीत साठलेली असते. फांदी काढणे असेल तर त्या वळीच्या लगत, पण बाहेरून कापावी. पुष्कळ लोक सफाईदार दिसावे म्हणून खोडाशी अगदी सपाट कापतात. त्याने वळीच नाहीशी होते आणि कूज थेट खोडात शिरते. दुसरे हातभर खुंट ठेवून देतात. ते वाळते, कुजते आणि किडीस घर होते. जड फांदी एकाच घावात पाडू नये. प्रथम खोडापासून हातभर अंतरावर खालच्या अंगास खाच पाडावी. मग तिच्या किंचित पुढे वरून कापावे, म्हणजे फांदी आपल्याच भाराने पडताना खोडाची साल सोलून नेत नाही. राहिलेले खुंट शेवटी वळीच्या बाहेरून अलगद काढावे. घावावर डांबर किंवा रंग फासण्याची चाल जुनी आहे, परंतु त्याने कूज थांबत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. घाव योग्य जागी असला म्हणजे त्यास मलमाची गरज नसते.

आणि झाडाचा शेंडाच उडविण्याची जी रीत सर्वत्र पडली आहे, ती तर झाड सांभाळण्याची रीतच नव्हे. शेंडा छाटून बोडके केलेल्या झाडावर थोड्याच महिन्यांत धुमाऱ्यांचे झुबके फुटतात. लोक म्हणतात, पाहा, झाड कसे तरारले! वस्तुतः ते उपाशी झाड पानांसाठी आकांत करीत असते. ते धुमारे सालीलगत चिकटलेले असतात. मोठे झाल्यावर वाऱ्याने तेच प्रथम मोडतात. इकडे उघड्या पडलेल्या खोडास ऊन भाजते व मोठ्या घावांतून कूज उतरते. भय कमी करण्यासाठी म्हणून जे केले, त्याने काही वर्षांत भय वाढते. वाढलेल्या झाडाचा हिरवा विस्तार एका वर्षात चौथाईहून अधिक काढू नये, असा ह्या धंद्यातील जाणत्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. आणि म्हाताऱ्या झाडास तेवढेही सोसत नाही. (तुतीसारखी झाडे लहानपणापासूनच दरसाल कापून घेतात, ती निराळी शेती आहे, तिचा दाखला जुन्या वडाचिंचेस लावू नये.)

बंधुजनहो, येथे थोडे थांबून आपल्या जिभेचाही विचार करावा. मंडळीत एखाद्याचा दोष दिसतो व तो काढणे अवश्य असते. पण काढताना आपण वळी राखतो काय? काही जण इतक्या सपाट शब्दांनी कापतात की मनुष्याची सुधारण्याची शक्तीच नष्ट होते. दुसरे भिडेस्तव अर्धवट बोलून खुंट ठेवून देतात. वरून साल जुळली, म्हणजे आतला घाव नाहीसा झाला असे नाही. जो सुधारावयास जातो, त्याने आधी पाहावे.

दुसरी गोष्ट : माळी श्रम आपल्या अंगावर घेतो.

माळ्याने केवळ दया मागितली असती तर ती फुकट होती. त्याने म्हटले की मी झाडाभोवती खणीन आणि खत घालीन. झाडाचा दोष फांद्यांत दिसत होता, पण उपाय त्याने मुळाशी शोधला. हीच जाणत्या मनुष्याची खूण होय.

मुळांविषयी आपली समजूत पुष्कळदा चुकीची असते. आपणांस वाटते की वर जेवढे झाड, तेवढेच खाली खोल मूळ. वास्तविक पाणी व अन्न शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, आणि ती फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर दूरवर पसरलेली असतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून खोडाला भिडवून सिमेंटचा पार बांधणे, अंगणात फरशी घालताना बुंधा चोहोंकडून कोंडणे, नळासाठी चर खणताना जाड मुळे तोडणे, बुंध्याशी कचरा पेटविणे, मातीचा ढीग खोडावर चढविणे, ही सर्व कामे कुऱ्हाडीचीच होत. फक्त त्यांचा आवाज ऐकू येत नाही. झाड दोन-चार वर्षांनी वाळते, आणि कोणी म्हणतो, त्याचे आयुष्य संपले. दिल्लीतील झाडांच्या बुंध्यांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत उखडून काढावे, असा हुकूम राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिला, तो ह्याच कारणास्तव.

मग आपण काय करावे? खोडाभोवती मोकळे, विस्तीर्ण आळे ठेवावे. त्यात पालापाचोळा आणि कुजलेले शेणखत पसरावे; पण ते सालीस भिडवू नये, चार बोटे जागा मोकळी सोडावी. खणणे झाले तर हलक्या हाताने, वरवर, मुळे न तोडता खणावे. छाटलेल्या डहाळ्या व पाने पेटवून देऊ नयेत. ती बारीक करून त्याच आळ्यात घालावी, म्हणजे झाडाचे झाडास परत मिळते. खिळे, तारा व पाट्या खोडावर ठोकू नयेत. ह्यांपैकी एकाही कामास मोठा पैसा लागत नाही. लागते ते लक्ष.

तिसरी गोष्ट : माळी आपली मजुरी लाकडातून काढीत नाही.

हा आजच्या विषयाचा गाभा आहे, म्हणून लक्षपूर्वक वाचावे. तो माळी झाडे जगविण्याच्या कामावर होता. झाड पडल्याने त्याचा काही लाभ होणार नव्हता. म्हणूनच त्याचा सल्ला निर्मळ राहिला. आता आपल्याकडे छाटणीची कामे बहुधा कशी ठरतात ते पाहा. मालक म्हणतो, पैसे देत नाही, निघेल ते लाकूड तुझे. कामकऱ्यास हे सोयीचे वाटते आणि मालकास फुकटात काम झाल्याचा आनंद होतो. परंतु त्याच क्षणी सल्ला देणारा व लाभ घेणारा एक झाला. दोन वाळल्या फांद्या काढावयाच्या असतात. पण वाळल्या फांद्यांत वजन नसते, वजन जाड हिरव्या फांदीत असते. मग ती हिरवी फांदी धोक्याची आहे असे डोळ्यांस दिसू लागते. मनुष्य मुद्दाम खोटे बोलतो असेही नाही. त्याचा लाभच त्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा उपदेश लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहे. झाडांच्या मुळाशी कुऱ्हाड ठेवलेली आहे, असे त्याने बजावले. तेव्हा लोकांनी विचारले की मग आम्ही काय करावे? योहानाने त्यांना अरण्यात जाऊन बसावयास सांगितले नाही. जकातदारास त्याच्या जकातीविषयी व शिपायास त्याच्या पगाराविषयी सांगितले. ज्याचा त्याचा धंदा जेथे वाकडा होता, तेथेच त्याने बोट ठेवले. तो आज झाडे छाटणाऱ्यांपुढे उभा राहता, तर कदाचित लाकडाच्या सौद्याविषयीच बोलला असता.

तेव्हा काही गोष्टी ठरवून टाकाव्या. मजुरी दिवसावर किंवा कामावर, रोख ठरवावी. लाकूड मालकाचे, आणि विकणे झाल्यास ते निराळे विकावे. काम सुरू करण्यापूर्वी मालकासह झाडाभोवती फिरून कोणत्या फांद्या काढावयाच्या त्या दाखवून घ्याव्या व शक्य तर खडूने खुणा कराव्या. जेथे छाटणीची गरज नसेल, तेथे स्पष्ट सांगावे की येथे काही करू नये. असे सांगणाऱ्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, हे खरे. पण ज्याच्या शब्दावर गाव विश्वास ठेवते, त्याला पुढे बोलावणी येतात. आणि ती न आली तरी त्याचा शब्द देवाने ऐकलेला असतो. मालकांनीही समजावे की फुकटात झालेल्या छाटणीची किंमत झाड भरीत असते. मजुरास पुरते दाम न देता त्यास मोहात लोटणे हाही दोषच आहे.

कायदाही पाळावा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याने आंबा, फणस, चिंच, जांभूळ ह्यांसारखी झाडे स्वतःच्या मालकीच्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरांसाठी १९७५ चा निराळा कायदा आहे. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षे वा अधिक वयाच्या झाडांस वारसावृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले. मंडळीच्या आवारातील झाड आपलेच आहे, असे म्हणून सुटका होत नाही.

ह्याच प्रकरणी अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील सहा ते आठ ही वचने एकापाठोपाठ वाचून पाहावी. आधी पक्ष्याच्या घरट्याचा नियम आहे : वाटेने जाताना झाडावर पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली पक्षीण दिसली, तर तिला पिलांसह पकडू नये. आणि लगेच घराच्या धाब्याचा नियम आहे : कोणी वरून पडून आपल्या घरावर रक्तपाताचा दोष येऊ नये म्हणून धाब्यास कठडा करावा. घरटे आणि कठडा, हे दोन्ही एकाच श्वासात सांगितले आहेत. झाडावर काम करणाऱ्यास दोन्हींची गरज पडते. फांदीस हात लावण्यापूर्वी घरटी व ढोल्या पाहाव्या. पिले असतील आणि तातडी नसेल, तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. आणि वर चढणाऱ्या मनुष्यास कठडा, म्हणजे मजबूत दोर, कमरेचा पट्टा व डोक्यावर टोप, असल्यावाचून चढवू नये. जवळून विजेची तार जात असेल, तर वीजखात्यास कळवून प्रवाह बंद केल्याशिवाय काम सुरू करू नये. शिडीवर उभे राहून यंत्राची करवत चालवू नये. खाली दोरी बांधून मुलांस व जनावरांस दूर ठेवावे. दहा-वीस रुपये कमी देऊन ज्याने गरीब मनुष्यास दोरावाचून चढविले, त्याच्या घरास कठडा नाही असेच समजावे.

चवथी गोष्ट : माळी कुऱ्हाडीस नकार देत नाही.

एक वर्षानंतर फळ न आले तर झाड तोडावे, हे माळ्याने मान्य केले. झाडावर प्रेम करणारा मनुष्य कधीच झाड तोडीत नाही, हे खरे नव्हे. पोखरलेले झाड शाळेवर झुकले असेल, मुळे सुटली असतील, किंवा झाड मेलेच असेल, तर ते वेळेवर काढणे हीच दया आहे. प्रश्न एवढाच की कुऱ्हाड सर्व उपाय झाल्यावर आली, की पहिल्या दिवशीच?

ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या देशात आहे. कोलकात्याजवळ, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर शिबपूर येथे १७८७ साली स्थापन झालेला वनस्पतिबाग आहे. तो आता आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांच्या नावाने ओळखला जातो. मराठी ख्रिस्ती वाचकास ह्या बागेची ओळख एका निराळ्या वाटेने आहे. १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश छापणारे श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम केरी हे ह्या बागेचे अधीक्षक रॉक्सबर्ग ह्यांचे स्नेही होते. केरींना झाडांचा मोठा छंद होता. १८२० साली कोलकात्यात शेती व बागाईतीची जी संस्था निघाली, ती त्यांच्याच पुढाकाराने.

त्या बागेत एक अवाढव्य वड आहे. १८६४ व १८६७ साली दोन भयंकर वादळे झाली आणि त्याच्या मूळ खोडास इजा पोहोचली. इजा झालेल्या जागी बुरशी शिरली व खोड आतून कुजत गेले. त्या खोडाचा घेर सुमारे पन्नास फूट होता. शेवटी १९२५ साली, उरलेला वृक्ष वाचावा म्हणून, ते मूळ खोडच कापून काढण्यात आले. आपण पाहा : झाडाचे खोड काढले आणि झाड उरले! कारण तोवर पारंब्या जमिनीत रुजून स्वतःच खोडे झाल्या होत्या. आज त्या वडास तीन हजारांहून अधिक अशा पारंब्या आहेत. मध्यभागी मूळ खोड नाही, तरी वृक्ष जिवंत आहे. २०२० सालच्या मे महिन्यात अम्फान वादळाने त्याचा काही भाग पाडला, तरीही तो टिकला.

ह्या उदाहरणात माळ्याचे दोन्ही गुण दिसतात. पहिल्या इजेपासून खोड काढीपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ गेला. आणि वेळ आली तेव्हा, त्याच्या कीर्तीकडे न पाहता, कुजलेला भाग काढला. आमच्या मंडळ्यांतही काही जुनी खोडे असतात : जुने मान, जुने तंटे, जुने हक्क. ती कुजली आहेत हे सर्वांस ठाऊक असते. ती काढली तर मंडळी पडेल, असे भय वाटते. परंतु ज्या मंडळीच्या तरुणांनी वचनात मूळ धरले आहे, ती पडत नाही.

झाड काढावेच लागले, तर त्याची जागा रिकामी ठेवू नये. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, जांभूळ, जे त्या मातीचे असेल ते लावावे. मात्र विजेच्या तारेखाली उंच वाढणारे झाड लावू नये, नाही तर पुढच्या पिढीच्या माळ्यास आपण आजच कुऱ्हाड देऊन ठेवतो. लावण्याचा समारंभ एका सकाळी होतो. राखण पुढे उन्हाळ्यांमागून उन्हाळे करावी लागते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात नव्या फळझाडाची पहिल्या तीन वर्षांची फळे खाऊ नयेत असा नियम आहे. पहिली तीन वर्षे झाडापासून काही घ्यावयाचे नाही, द्यावयाचेच. तेव्हा पाणी द्यावे, आधाराची काठी लावावी, आणि बांधलेली दोरी खोडात रुतण्यापूर्वी सोडावी. वाकडी फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढावी. तो लहान घाव झाड लवकर झाकून टाकते. तीच फांदी मांडीएवढी झाल्यावर काढली, तर झाड जन्मभर तो घाव वागविते. ज्यांच्या घरी लेकरे आहेत त्यांना ह्याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

आता शेवटचे. त्या अंजिरास पुढल्या वर्षी फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. दाखला उघडाच ठेवला आहे. कारण ऐकणारेच ते झाड होते. आपण आज माळ्याच्या जागी उभे राहून विचार केला. परंतु रात्री दिवा मालविताना प्रत्येकाने झाडाच्या जागी उभे राहावे. माझ्यासाठी कोणी मुदत मागितली आहे. माझ्या मुळाशी कोणी खणीत आहे. तो फावडा मला टोचतो, म्हणून मी कुरकुर करतो. ज्याने माझ्यासाठी मध्यस्थी केली, त्याने ती कोरड्या शब्दांनी केली नाही. त्याने सर्व श्रम व शेवटी घावही आपल्या अंगावर घेतला. ज्यास अशी मुदत मिळाली आहे, तो दुसऱ्या कशावरही, मग तो मनुष्य असो वा मुके झाड, उतावळेपणाने कुऱ्हाड कसा उचलील?

उपदेशकबंधूंनो, येत्या रविवारी उपासना संपल्यावर चार माणसांस बरोबर घेऊन मंदिराच्या आवारातील झाडाभोवती एक फेरी घालावी. बुंध्याशी काय साचले आहे, कोणती मुळे कोंडली आहेत, कोणती फांदी खरोखर वाळली आहे, हे पाहावे. हत्यार घरीच ठेवून जावे. पुढच्या आठवड्यात फावडे व खताची पाटी घेऊन जावे, आणि करवतीचा विचार त्यानंतर करावा.

ज्या प्रभूने आपणांस बागेत राखणदार म्हणून ठेविले, तो आपणांस पाहणारे डोळे, श्रमणारे हात व निर्लोभ मन देवो. आमेन.